वाट चुकलेला वारा

झोपेतील श्वासरोधासाठी रात्री मास्क लावून झोपणाऱ्या अनेकांचे पोट सकाळी फुगलेले असते. त्रास किरकोळ वाटतो. पण त्याला कंटाळून उपचारच सोडून दिला, तर त्याची किंमत फार मोठी असते.

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या कुशीत खोलवर वसलेले गाव. पावसाळ्यात तेथील धबधबे पाहण्यासाठी शहरांतून माणसे वर जातात. गावची माणसे मात्र त्याच पावसात औषधपाण्यासाठी डोंगर उतरून खाली येतात. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तिकडचेच एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. काकांचे वय चौसष्ट. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सी चालवली. पुढे गावी परतल्यावर एक जीप घेतली आणि तालुक्याच्या गावापर्यंत माणसांची ने-आण सुरू केली.

त्याआधीच्या दोन महिन्यांत काका तीनदा येऊन गेले होते. तक्रार प्रत्येक वेळी एकच. “डॉक्टर, सकाळी पोट नगाऱ्यासारखं होतं. ढेकरांवर ढेकर येतात. दहा वाजले की आपोआप उतरतं.” मी पोट तपासले, जेवणाखाण्याची चौकशी केली, वाल आणि कुळीथ काही दिवस कमी करायला सांगितले आणि आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या वेळी गोळी बदलली. तिसऱ्या वेळी आणखी एक वाढवली. काकांनी तक्रार केली नाही आणि मीही खोलात शिरलो नाही.

चौथ्या वेळी काकू सोबत होत्या. काका खुर्चीवर बसतात न बसतात तोच त्या म्हणाल्या, “गॅसचं राहू द्या, डॉक्टर. ह्यांनी ती मुंबईची मशीन महिनाभर ट्रंकेत घालून ठेवलीय. आणि परवा जीप चालवताना ह्यांचा डोळा लागला. वळणावर चाक गटारात उतरलं. आत सहा माणसं होती. दरीच्या अंगाला गेली असती तर?”

मी विचारले, “कसली मशीन?” तेव्हा कुठे कळले, की मुंबईत असतानाच काकांना झोपेत श्वास अडण्याचा विकार असल्याचे निदान झाले होते. एका मोठ्या रुग्णालयात रात्रभर झोपेची तपासणी झाली होती आणि रोज झोपताना लावण्यासाठी सीपॅप यंत्र दिले होते. मला हे कधी सांगितले का नाही, असे विचारल्यावर काकांनी दिलेले उत्तर मी आजही विसरलेलो नाही. “मशीन मुंबईच्या डॉक्टरांची. पोटाचं तुमच्याकडे असतं.”

रुग्णाने आपल्या शरीराची अशी वाटणी केली, यात त्याचा दोष नाही. ती वाटणी आम्ही डॉक्टरांनीच त्याला शिकवली आहे. ‘रात्री झोप कशी लागते?’ हा एक प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला असता, तर ते दोन महिने वाया गेले नसते आणि चाकही गटारात गेले नसते.

श्वासाला हवेचा टेकू

जोरात घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, असा आपला पूर्वापार समज आहे. अनेकदा वस्तुस्थिती याच्या उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जिभेचे मूळ आणि टाळूचा मागचा मऊ भाग इतका मागे सरकतो, की श्वासाची वाट अरुंद होते किंवा काही क्षण पूर्ण बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास असा थांबला वा फार क्षीण झाला, तर ती एक घटना मोजतात. तासाला अशा ५ ते १५ घटना होत असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० च्या वर असतील तर तीव्र मानला जातो.

प्रत्येक वेळी रक्तातील प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो, घोरण्याचा एक मोठा आवाज होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. झोपलेल्याला यातले काही आठवत नाही. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते आणि दिवसा बसल्याजागी डोळा लागतो. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते. गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि पक्षाघात यांचा धोकाही या विकारात वाढतो.

यावरचा प्रमुख उपचार ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. १९८१ मध्ये त्यांनी तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यामागील कल्पना साधी आहे. मास्कवाटे नाकात सतत थोडा दाब असलेली हवा सोडायची. ती हवा घशाच्या भिंतींना आतून टेकू देते आणि वाट मिटू देत नाही. त्यात औषध नसते आणि प्राणवायूचे नळकांडेही नसते. असते ती आपल्या खोलीतलीच हवा.

हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो किती असतो, हे घरीच अनुभवता येईल. उंच पेल्यात दहा सेंटिमीटर पाणी घ्या, त्यात तळापर्यंत नळी बुडवा आणि पहिला बुडबुडा निघेपर्यंत हळूहळू फुंका. त्या क्षणी तुमच्या तोंडात जो दाब असतो, तो दहा सेंटिमीटरचा. एकदा फुंकताना तो काहीच वाटत नाही. परंतु तोच दाब सहा-सात तास प्रत्येक श्वासाबरोबर घशावर असतो. नेहमीची यंत्रे साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटरपर्यंतचा दाब देऊ शकतात.

पोटात वारा शिरतो कसा?

आपला घसा म्हणजे एक तिठा आहे. वरून आलेली वाट खाली दोन वाटांना फुटते. पुढची श्वासनलिका फुप्फुसांकडे जाते आणि मागची अन्ननलिका जठराकडे. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते. एरवी ते मिटलेले राहते आणि घास किंवा आवंढा गिळताना तेवढ्यापुरते उघडते. यंत्रातून येणारी हवा दोन प्रकारे या मागच्या वाटेला लागते. एक तर दाबापुढे ते कडे टिकत नाही आणि थोडे थोडे उघडते, किंवा झोपेत वा अर्धवट जागेपणी माणूस आवंढे गिळत राहतो आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर थोडी हवा खाली जाते. वैद्यकीय भाषेत याला एरोफॅजिया म्हणतात. म्हणजे हवा गिळणे.

जठराच्या तोंडाशी असेच दुसरे कडे असते. ज्यांना जळजळ आणि करपट ढेकरांचा जुना त्रास आहे, त्यांचे हे कडे बहुधा सैल असते. अशा माणसांना हवा गिळण्याचा त्रास अधिक होतो, असे आढळते. शिवाय उताणे झोपल्यावर जठराचे हे तोंड आतल्या द्रवाखाली बुडालेले असते, म्हणून साठलेल्या हवेला ढेकरावाटे बाहेर पडता येत नाही. सकाळी माणूस उठून बसला, की द्रव खाली उतरतो, वाट मोकळी होते आणि ढेकरांची रांग लागते. उरलेली हवा आतड्यांत पुढे सरकते आणि गुडगुड करत काही तासांत खालून निघून जाते. दहा वाजता काकांचे पोट आपोआप उतरत होते, त्याचे कारण हेच.

हा वायू कोणता, हे ओळखा

पोटातील प्रत्येक वायू सारखा नसतो. वाल, पावटे, हरभरा, कोबी यांनी होणारा वायू मोठ्या आतड्यात जिवाणूंमुळे तयार होतो. तो जेवणानंतर काही तासांनी, बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी जाणवतो आणि त्याला वास असतो. गिळलेली हवा झोपेतून उठताक्षणी जाणवते. तिच्या ढेकरांना सहसा वास नसतो, दिवस चढतो तसे पोट हलके होते आणि मास्क न लावलेल्या रात्रीनंतर हा त्रास होत नाही.

यासाठी सात दिवसांची वही पुरेशी आहे. रात्री किती वाजता जेवलो, यंत्र किती तास लावले आणि सकाळी पोट कसे होते, एवढेच रोज लिहावे. काकांनी वही ठेवली नव्हती, पण यंत्र ट्रंकेत टाकून त्यांनी नकळत हाच प्रयोग केला होता. यंत्र बंद, तर पोट ठीक. त्यांचे निदान बरोबर होते आणि माझे चुकले होते. मात्र त्यावर त्यांनी शोधलेला उपाय जिवावर बेतणारा होता. पोटाचा त्रास गेला, हे त्यांना कळत होते. रात्रभर श्वास पुन्हा अडू लागला आहे, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. ते काकूंना कळत होते.

आम्ही काय काय बदलले

पहिली गोष्ट म्हणजे मी काकांना जीप चालवू नका, असे स्पष्ट सांगितले. यंत्र पुन्हा नियमित सुरू होऊन दिवसाची झोप जाईपर्यंत पुतण्याने चालवावी, असे ठरले. त्यांना ते मुळीच आवडले नाही. चाळीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला बाजूच्या आसनावर बसवणे सोपे नसते. परंतु गाडीत इतरांचे जीव असतात, एवढे त्यांना पटले.

मग मी त्यांना यंत्र घेऊन बोलावले आणि माझ्यासमोर मास्क लावायला सांगितला. मास्क व्यवस्थित बसला. काकू म्हणाल्या, “आत्ता कवळी आहे तोंडात. रात्री ती वाटीत असते.” कवळी काढून पुन्हा मास्क लावला, तर गाल आत गेले आणि दोन्ही बाजूंनी हवा फुसफुसू लागली. मास्कचे माप कवळीसह घेतले गेले होते. गळती झाली, की ती भरून काढण्यासाठी यंत्र आणखी हवा सोडते. पट्टे कचकचून आवळल्याने गळती थांबतेच असे नाही. उलट चेहऱ्यावर वळ उठतात. मास्क नेहमी झोपताना असतो त्याच स्थितीत बसवून पाहावा. कवळी काढून, आडवे होऊन, यंत्र सुरू ठेवून. दाट मिशी आणि वाढलेली दाढी यांमुळेही हवा निसटते.

दुसरी गोष्ट नाकाची. नाक चोंदलेले असले, की तोंड उघडते, घसा कोरडा पडतो आणि आवंढे वाढतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात घरांच्या भिंतींना ओल धरते, अंथरुणांना कुबट वास येतो आणि सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही. झोपण्यापूर्वी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते. मात्र पाणी आधी उकळून कोमट केलेलेच हवे. यंत्राला हवा दमट करणारे भांडे जोडलेले असेल, तर त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे, ते रोज बदलावे आणि भांडे धुऊन वाळवावे. सर्दी तरीही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. खाट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली वीटभर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उंची द्यावी. काका जमिनीवर झोपत. काकूंनी गोधड्यांच्या घड्या कमरेपासून डोक्यापर्यंत उतरत्या रचून त्यांच्यासाठी तिरपे अंथरूण केले. मानेखाली नुसत्या दोन-तीन उशा रचणे मात्र चूक आहे. त्याने मान दुमडते आणि श्वासाची वाट आणखी अरुंद होते. कुशीवर झोपल्यास बहुतेकांचा श्वास कमी अडतो, त्यामुळे दाबही कमी लागू शकतो. त्यातही डावी कूस बरी, कारण त्या कुशीवर जठराचे तोंड वरच्या अंगाला राहते आणि हवेला बाहेर पडायला वाट मिळते.

चौथी गोष्ट जेवणाची. टॅक्सीच्या दिवसांपासून काकांना रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवे होण्याची सवय होती. जेवण आठच्या आत आणले, झोपण्यापूर्वी तीन तासांचे अंतर ठेवले आणि रात्रीचा ताट भरून भात निम्म्यावर आणला. पोलादपूरच्या स्टँडवर संध्याकाळी मिळणारा सोडा बंद केला. तंबाखूने जठराचे कडे सैल होते, म्हणून तीही सुटायला हवी होती. ती पूर्ण सुटली नाही, पण रात्रीची चिमूट गेली. मद्याने घशाचे स्नायू अधिक सैल पडतात, म्हणून ते या रुग्णांना वर्ज्यच आहे. झोपेच्या गोळ्या मात्र चालू असतील, तर मनाने एकदम थांबवू नयेत. त्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

पाचवी गोष्ट सरावाची. मास्कची भीती असलेला माणूस तो लावताच घाईघाईने श्वास घेतो आणि आवंढे गिळतो. काकांना मी दुपारी, पूर्ण जागेपणी, बसून अर्धा तास मास्क लावायला सांगितला. समोर टीव्ही, ओठ मिटलेले, जीभ टाळूला टेकलेली आणि संथ श्वास. आठवडाभरात ती धडधड ओसरली.

या पाच गोष्टींनी काकांचा त्रास निम्मा झाला. उरलेला निम्मा माझ्या आवाक्याबाहेरचा होता.

दाबाचा आकडा तज्ज्ञांकडे

काकांना मी पुन्हा मुंबईच्या झोपविकार तज्ज्ञांकडे पाठवले. सोबत यंत्र आणि वही दोन्ही दिली. हल्लीची यंत्रे रोजचे तास, हवेची गळती आणि अडलेल्या श्वासांची संख्या आपल्या आत नोंदवून ठेवतात. त्या नोंदींवरून दिसले, की पहाटे गळती वाढत होती आणि यंत्राचा दाब बराच वर चढत होता. तज्ज्ञांनी वेगळ्या मापाचा मास्क दिला, दाबाची वरची मर्यादा खाली आणली आणि श्वास सोडताना दाब थोडा उतरेल अशी सोय सुरू केली. महिन्यानंतर नोंदी पुन्हा पाहून कमी दाबातही श्वास अडत नसल्याची खात्री केली.

ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. पोट फुगते म्हणून घरच्या घरी यंत्राचा आकडा कमी करणे म्हणजे विहिरीचा दोर आखूड करण्यासारखे आहे. हाताला ओझे कमी लागते, पण पोहरा पाण्यापर्यंत पोहोचत नाही. दाब एकसारखा असलेले यंत्र बदलून गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारे देणे, किंवा श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे यंत्र देणे, असेही पर्याय आहेत. नाकापुरता मास्क आणि नाक-तोंड झाकणारा मास्क यांतला कोणता सोसेल, हेही माणसागणिक बदलते. तपासणी करून आणि नोंदी पाहूनच ते ठरवायचे असते. यंत्राची सवय होत नाही म्हणून ते टाकून देण्यापूर्वी एवढी एक फेरी नक्की मारावी.

हे मात्र करू नका

सकाळी पोट जड वाटले, की पुष्कळ घरांत फसफसणारी फळमिठाची पुडी पाण्यात घालून घेतात. ती फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच असतो. हवेने फुगलेल्या पोटात आपण आणखी वायू ओततो. ढेकर येते आणि बरे वाटल्याचा भास होतो. शिवाय त्यात सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी ती रोज घेणे अयोग्य आहे.

तोंड उघडे राहते म्हणून ओठांवर चिकटपट्टी लावू नये किंवा हनुवटी रुमालाने बांधू नये. नाक चोंदलेले असेल किंवा रात्री उलटी झाली, तर वयस्कर माणसाला ते धोक्याचे ठरते. हनुवटीचा पट्टा हवाच असेल, तर तो तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावा.

वायूच्या गोळ्यांकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. त्यांतील काही औषधे पोटातले बुडबुडे फोडतात, पण हवा आत जाण्याचे थांबवत नाहीत. जळजळीचा आजार असेल, तर त्यावरील उपचार जरूर घ्यावा. त्याने पोटाचा त्रासही हलका होऊ शकतो. सकाळी मात्र साधे उपाय पुरतात. उठून थोडा वेळ ताठ बसावे, कोमट पाणी घोट घोट प्यावे, अंगणात दहा-पंधरा मिनिटे फेऱ्या माराव्यात आणि ढेकर दाबून धरू नये.

घरच्या माणसांसाठी

या आजारात रुग्ण स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. त्याचे डोळे आणि कान घरचे लोकच असतात. मास्क लावल्यावर घोरण्याचा आवाज येतो का, मध्येच शांतता पसरून मग धाप लागल्यासारखा श्वास येतो का, कडेने हवा सुटते का, पहाटे झोपेतच मास्क काढून टाकला जातो का, हे पाहून वहीत लिहावे. डॉक्टरांना त्या चार ओळी फार उपयोगी पडतात.

दुसरे म्हणजे रुग्णाच्या ढेकरांची आणि वाऱ्याची थट्टा करू नये. आपल्याकडे एकत्र कुटुंबात, सुनानातवंडांत वावरणाऱ्या ज्येष्ठांना या गोष्टीची लाज वाटते. त्या लाजेपोटी यंत्र बाजूला पडते आणि कारण कुणाला सांगितले जात नाही. काकांनीही नंतर हेच कबूल केले. सकाळी जीपमध्ये प्रवाशांसमोर ढेकर आवरत नसे, म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होई.

आणि घरातील स्त्रियांकडेही लक्ष द्यावे. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही हा विकार वाढतो. पुष्कळदा त्या मोठ्याने घोरत नाहीत. थकवा, डोकेदुखी आणि तुटक झोप एवढेच सांगतात, आणि ते कामाच्या खाती जमा होते. नवऱ्याचे अडलेले श्वास मोजायला बायको जागी असते. तिचे मोजायला कुणी जागे असतेच असे नाही.

‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका

गिळलेल्या हवेचा त्रास सहसा निरुपद्रवी असतो. परंतु पुढील लक्षणे त्याच्या खाती टाकू नयेत:

• छातीत दाब किंवा दुखणे, ते जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे सरकणे, दरदरून घाम, धाप. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
• दुपारपर्यंतही न उतरणारे, ताठर झालेले आणि दुखणारे पोट, वारंवार उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे.
• उलटीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच.
• घास अडकणे, विनाकारण वजन घटणे.
• पोटाची, अन्ननलिकेची किंवा चेहऱ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे. अशा वेळी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नये.

वीज गेली तर?

आमच्या भागात हा प्रश्न टाळता येत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडींनी बळी घेतले. त्या दिवसांत वीज, रस्ते, दूरध्वनी सारेच तुटले होते. एरवीही पावसाळ्यात रात्री वीज जाणे नवे नाही. यंत्र अचानक बंद पडले, की माणूस गुदमरल्यासारखा जागा होतो आणि घाबरून हवा गिळतो. अशा वेळी आधी मास्क काढावा, उठून बसावे आणि चार संथ श्वास घ्यावेत. वीज येईपर्यंत उशाकडचा भाग उंच ठेवून कुशीवर झोपावे.

योग्य क्षमतेच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालू शकते. हवा दमट आणि गरम करणारी सोय तेवढ्यापुरती बंद ठेवल्यास वीज बरीच कमी लागते. विजेच्या चढ-उतारांपासून यंत्राला संरक्षण देणारे उपकरणही बसवून घ्यावे. यंत्र बंद राहिलेल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी डोळे जड असतील, तर वाहन चालवू नये. ही एक शिस्त काटेकोर पाळावी.

काकांना पुन्हा जीप हाती मिळायला तीन महिने लागले. तोवर यंत्राच्या नोंदींत रोजचे सहा तास दिसत होते, सकाळचा रक्तदाब उतरला होता आणि दुपारची पेंग गेली होती. पोट पूर्ण शांत झाले का? नाही. आठवड्यातून एखाद्या सकाळी ते अजूनही फुगते, बहुधा आदल्या रात्री कुणाकडे लग्नकार्याचे उशिरा जेवण झालेले असते. पण आता त्याचे कारण त्यांना ठाऊक आहे, आणि कारण कळलेला त्रास माणूस सहन करू शकतो. काकूंचे म्हणणे याहून सरळ आहे. “ढेकर आला तर येऊ दे. मला रात्री ह्यांचा श्वास ऐकू येतो, तेवढं बास.”

माझ्या दवाखान्यातही एक बदल झाला आहे. साठीपुढचे कुणी ‘सकाळी गॅस होतो’ म्हणत समोर बसले, की गोळीचे नाव लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, “रात्री झोपताना काही मशीन लावता का?” आणि सोबत कुणी आले असेल, तर तोच प्रश्न त्यांनाही विचारतो.